राऊळकाकांचा मागचा अ‍ॅक्सल

आमच्या कोपरच्या सोसायटीत कोणी नवी गाडी घेतली की बाकीचे रंग बघतात, सीटवरून हात फिरवतात, पेढा खातात. राऊळकाका पेपर अंथरून गाडीखाली आडवे होतात. परवा देसाईंच्या गाडीची पूजा चालू असताना खालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. देसाईवहिनींनी कुंकवाचं बोट हवेतच थांबवून विचारलं, कोण आहे? "मीच. चालू द्या तुमचं. पुढचं सगळेच बघतात," खालून उत्तर आलं.

काकांनी मानपाड्याच्या एका गिअरच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथ चालवलं. रिटायर झाल्यापासून ते हातभर लांबीची एक मॉडेल गाडी करताहेत. मोटर आणि पुढची चाकं एका मोडक्या खेळण्यातली. मागची चाकं फिरवणारा अ‍ॅक्सल मात्र पितळेचा, हाताने केलेला आणि खऱ्या गाडीसारखा चालणारा हवा. चार वर्षं झाली, तो "होतच आलाय".

एवढं काय अवघड आहे त्यात, असं मी एकदा विचारून बसलो. काकांनी मला आणि सेक्रेटरींना एका काठीची दोन टोकं धरायला लावली आणि कोपऱ्यावरून वळा म्हणाले, पण पावलं अगदी सारखी टाकायची. सेक्रेटरी तुळशीच्या कुंडीत गेले. "कळलं? वळताना बाहेरच्याने जास्त चालायचं, आतल्याने कमी. ही समज अ‍ॅक्सलला द्यावी लागते," काका शांतपणे म्हणाले. सेक्रेटरी अजून त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून मुलगा, मिलिंद, त्यांना बंगलोरला बोलावतोय. इथला फ्लॅट काढून टाकू म्हणतो. मुलगा गुणी आहे, काळजीपोटीच म्हणतो. काकांनी त्याला शब्द दिलाय, अ‍ॅक्सल झाला की येतो. वडिलांच्या "होतच आलाय"वर भरवसा नसल्यामुळे मिलिंद दर रविवारी मला फोन करून विचारतो.

दिवाळीत गाडी पहिल्यांदा धावली, ती उलटी. अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चक्र, म्हणजे क्राउन, काकांनी चुकीच्या बाजूला बसवलेलं. ही चूक कारखान्यात नवा आलेला पोरगासुद्धा पहिल्याच आठवड्यात करून मोकळा होतो. मी पोट धरून हसलो. काका अजिबात ओशाळले नाहीत, उलट खुशीत म्हणाले, "चला, परत खोलायला लागणार." पुढे तीच चूक आणखी दोनदा झाली, आणि मी आपला म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

गेल्या रविवारी गेलो तर दार उघडंच होतं. गाडी जेवणाच्या टेबलाभोवती फिरत होती. आवाज नाही, चाक घसटणं नाही, वळण तर असं की बघत राहावं. मला बघताच काकांनी ती उचलली, स्क्रू काढले आणि क्राउन काढून दुसऱ्या बाजूला बसवायला घेतला.

"काका, झालाय की अ‍ॅक्सल," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "साधी खुर्ची हलवायची तरी हिला विचारायचो मी. आता अख्खं घर हलवायचं, ते कुणाला विचारू?"

तेवढ्यात मिलिंदचा फोन आला. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. त्या चांगल्या मुलाशी मी पहिल्यांदाच खोटं बोललो. "नाही रे, अजून उलटीच पळतेय," मी म्हणालो.

चिमटा माझ्या हातात देऊन काकांनी एक बारीक स्क्रू धरायला सांगितला. तो मला बराच वेळ धड दिसेना.