साफ झालं का?

माणसं भेटली की राम राम म्हणतात, सलाम म्हणतात, काहीच सुचलं नाही तर 'काय म्हणता?' म्हणतात. अंबादासनाना 'साफ झालं का?' असं विचारतात. काय साफ, ते उलट विचारायचं नाही. विचारलंत तर ते सांगतील, आणि मोठ्यानं सांगतील.

हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, बँकेच्या रांगेत ऐकलाय, आणि एकदा मयताला गेलो असताना ऐकलाय. तिथं नानांनी निदान आवाज तरी खाली घेतला होता. गेलेल्याच्या थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी कानाशी विचारलं. तो बिचारा रडत होता, त्यानं नुसती मान हलवली. होकार होता की नकार, देव जाणे. नानांनी खिशातून एक पुडी काढून त्याच्या मुठीत कोंबली आणि तिरडीला खांदा द्यायला गेले.

हे नाना आमचे घरमालक. माझी मुलगी वैशाली दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि हदगावात जो तो मला विचारायला लागला, "मग, लातूरला कधी?" पोरगी हुशार निघाली हा जसा काही गुन्हाच, आणि लातूर ही त्याची शिक्षा. मी पाटबंधारे खात्यातला साधा कारकून. साहेबांच्या हातापाया पडून बदली मागून घेतली, आणि बायको मंदा, वैशाली आणि एक लोखंडी कपाट घेऊन क्लासेसच्या मागच्या गल्लीत येऊन पडलो. गल्लीत ज्याच्या त्याच्या दारावर 'फक्त मुलींसाठी' नाहीतर 'फक्त मुलांसाठी' अशी पाटी. सहकुटुंब बापाला कोणी दारात उभं करेना. नानांनी केलं.

"अख्खं घर घ्या. मी तिकडं ऱ्हातो," म्हणत त्यांनी अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडं बोट दाखवलं. भूकंपाच्या साली सगळी गल्लीच अशी पत्र्याखाली झोपायची म्हणे. पुढं एकेक जण आपापल्या घरात गेला, नाना मात्र सात-आठ वर्षं झाली तरी तिथंच. मी मनात म्हटलं, काय हा हावरटपणा! चार पैसे भाडं येतं म्हणून माणूस स्वतःला पत्र्याखाली भाजून घेतोय. बोलणी ठरली, मी हात जोडले, आणि नाना मंदाकडं वळून अगदी आदरानं म्हणाले, "ताई, परवासात दगदग झाली आसंल. साफ झालं का?"

मंदा तिथूनच हदगावची गाडी धरायला निघाली होती. कपाट टेम्पोतून उतरवून झालं होतं म्हणून राहिली.

नाना एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं. पोटाचं हे वेड त्यांना नोकरीनंच लावलं. "गाडीत साठ माणसं, साहेब. डायवरला टाइम गाठायचा, पब्लिकला घर गाठायचं. कंडक्टरनं दाबून धरायचं आन गाडी सोडायची डबल बेल मारायची. माझ्या पोटाचा सत्यानास तिथंच झाला." त्यामुळं रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून नानांनी पहिलं काम काय केलं असेल, तर अंगणात दोन संडास बांधले. एक आपल्याला, एक पाहुण्याला. दोन्हींवर स्लॅब नाही, पत्राच. यावरूनही मी त्यांना चिक्कू ठरवलं होतं.

वैद्यकीचं शिक्षण म्हणाल तर तेही एसटीतच. गाडी जिथं दहा मिनिटं थांबायची तिथं नाना एक औषध शिकायचे. इस्लापूरच्या थांब्यावर एका म्हाताऱ्यानं अडुळशाचा काढा सांगितला, देगलूरला तेलुगू बोलणाऱ्या एका आजीनं ओव्याची फंकी दिली, उदगीरच्या एका हकीमसाहेबांनी गुलकंदाचा इलाज शिकवला. तेव्हापासून औषधाचं नाव म्हणजे थांब्याचं नाव. मला खोकला झाला की नाना छातीला कान लावत आणि म्हणत, "हे देगलूरनं भागायचं न्हाई. इस्लापूर लागंल." मंदाचे गुडघे धरले तर त्यावर हदगाव, म्हणजे करडईच्या तेलात काहीबाही उकळलेलं. स्वतःचं माहेर गुडघ्याला चोळून घेणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

इस्लापूर मी एकदाच प्यालो. खोकला गेला, हे कबूल करतो. परत आलो तर हा माणूस पुन्हा काढा पाजेल या धास्तीनं तो वर्षभर फिरकला नाही.

एक मात्र होतं. नाना पूर्ण बाटली कुणाला देत नसत. कंडक्टरची जुनी चामड्याची पिशवी गळ्यात घालून रोज सकाळी ते गल्लीतून फेरी मारायचे. दार वाजवायचं, जीभ बघायची, तो प्रश्न विचारायचा, त्या दिवसापुरती पुडी द्यायची. "नाना, महिन्याचं एकदम द्या ना," असं मी काकुळतीनं म्हणालो, तर म्हणाले, "तिकीट रोजचं रोज काढायचं. इथं पास भेटत न्हाई."

त्यांची बायको, नानी, सहा वर्षांपासून पुण्यात मुलाकडं होती, नातवंडं सांभाळायला. तुम्ही का जात नाही म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "पुण्याचं पाणी मला बाधतं." मी मंदाला म्हणायचो, नानी सुटली बिचारी, तिथं निदान सकाळी कुणी जीभ बघत नसेल.

वैशालीचं बारावीचं वर्ष सुरू झालं आणि आमचं घर घर राहिलं नाही. टीव्ही बांधून माळ्यावर टाकला. मंदानं फोडणीसुद्धा हळू घालायची, असा माझा हुकूम होता. क्लासमध्ये दर रविवारी परीक्षा, सोमवारी मार्क. मी ऑफिसातून आलो की चप्पल काढायच्या आधी विचारायचो, "किती पडले?" सगळी गल्ली हेच विचारायची. त्यातच एक टायवाला गल्लीत फिरायला लागला. त्याच्याकडं परदेशी कॅप्सूल होत्या, म्हणे वाचलेलं डोक्यातून हलतच नाही. नानांच्या पुडीतल्या ब्राह्मीला पालापाचोळा म्हणणारा मी, डब्यावरचं चकचकीत चित्र बघून विरघळलो. एक डबा घेतला. त्यानं अर्ध्या किमतीत दुसरा देतो म्हटल्यावर दुसराही घेतला.

नानांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "हे कुठल्या थांब्यावरचं?"

"अमेरिकेचं आहे, नाना."

"तिकडं आपली गाडी जात न्हाई," म्हणून त्यांनी डबा खाली ठेवला. मग पिशवीचा पट्टा सारखा करत जरा घुटमळले. "साहेब, एक बोलू? पोरीचं पोट घाबरून ऱ्हायलंय. परीक्षा जवळ आली की आन्न ठरत न्हाई तिला. हे माझ्या पुडीचं काम न्हाई. डाक्टरला दाखवा."

"पोट घाबरत नसतं, नाना. पोट दुखतं नाहीतर भरतं," असं म्हणून मी हसलो. केवढा शहाणा मी!

आणि मग तो दिवस उजाडला. आमचे मोठे साहेब, ज्यांनी माझी बदली केली होती, ते सकाळी चहाला आले. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलो. वैशाली पाया पडायला वाकली, आणि नाना पिशवीसकट दारात येऊन उभे राहिले. "जीभ दाखव बाळा. साफ झालं का?"

साहेबांचा चहा बशीत सांडला. मी नानांना हाताला धरून अंगणात नेलं आणि तोंडाला येईल ते बोललो. वयात आलेल्या पोरीला चारचौघांत असलं विचारायला लाज कशी वाटत नाही, वेड्यांचा बाजार मांडलाय नुसता, उद्यापासून आमच्या दारात पाय ठेवू नका. त्यांच्याच घराच्या दारात त्यांनी पाय ठेवू नये, हे मी त्यांच्याच अंगणात उभा राहून सांगत होतो. "हाव साहेब. सिंगल बेल," एवढं म्हणून नाना शेडमध्ये गेले. एसटीत सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं नाही. मला कोण आनंद! तिसऱ्या दिवशी गल्लीतही फेरी दिसली नाही. सोमवारी वैशाली क्लासमधून आली. मी विचारलं, "किती पडले?" ती तशीच मोरीत गेली आणि घडाघडा ओकली. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी पडलं. मंदा पाठ चोळत होती, आणि मी, हे सांगताना आजही मान खाली जाते, मोरीच्या दारात उभा राहून पुन्हा म्हणालो, "अगं पण पडले किती?"

वैशालीनं तोंड पुसलं. पोरगी ओरडली नाही. "बाबा, तुम्ही मला किती पडले विचारता. आई किती झालं विचारते, वाचून. सर किती राहिलं विचारतात. ह्या लातुरात माझं पोट बरं आहे का, एवढं एकटे नाना विचारायचे. त्यांनापण तुम्ही घालवलं."

मग सगळं बाहेर आलं. तिचा जेवणाचा डबा चार महिन्यांपासून क्लासमागच्या गायीला जात होता. परीक्षेच्या नुसत्या नावानं घास उलटून यायचा. कॅप्सूलनं पोटात जळजळ व्हायची म्हणून त्या मोरीत जायच्या. अंगावर जे काही टिकलं होतं ते नानांच्या शेडमधलं. सकाळी क्लासला जाताना ते तिला ज्वारीची अर्धी भाकरी आणि जवसाची चटणी समोर बसवून खाऊ घालायचे. एकदा तिनं विचारलं, हे कुठल्या थांब्यावरचं औषध? तर म्हणाले, "हे औषध न्हाई बाळा. हे जेवण हाय. खा."

त्याच दिवशी तिला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तपासलं, कॅप्सूल बंद केल्या, वेळेवर जेवण आणि झोप लिहून दिली, आणि बापानं आठवडाभर मार्क विचारू नयेत असंही सांगितलं. म्हणजे नानांचंच, फक्त कागदावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून लवकर येऊन मी शेडमध्ये गेलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आत पाय ठेवत होतो. पत्रा तापून आग ओकत होता. फळीवर ओळीनं बाटल्या: इस्लापूर, देगलूर, उदगीर, अख्खा डेपो. आणि त्याखाली बाजेवर नाना पडलेले, ओठ सुकलेले, दाढी वाढलेली. तीन दिवस अंगात ताप होता. पंधरा पावलांवर आम्ही राहतो आणि आम्हाला पत्ता नाही.

"नाना, अहो एवढी औषधं आहेत, एखादं घ्यायचं ना!"

"कंडक्टर सोताचं तिकीट फाडत नसतो, साहेब," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

मी माफी मागितली. नीट जमली नाही, कारण सवय नाही. मुलाला पुण्याला फोन करतो, ते येऊन घेऊन जातील, असं म्हटलं, तर नानांनी माझं मनगट धरलं. "नगा करू. पाण्याचं खोटं हाय ते. पोरगं चवथ्या मजल्यावर ऱ्हातं. त्याच्यावर आणखी तीन मजले. भूकंपात आमची गाडी लावली होती त्या गावांकडं, माणसं आणायला. तीन दिवस. काय काय काढलं घरांखालनं, ते बोलवत न्हाई. तवापासनं डोक्यावर पक्कं छत आलं की छाती धरती. दोनदा गेलो पुण्याला. दोन्ही टायमाला जिन्यातनंच माघारी. नातू वरून 'आजोबा, आजोबा' करून ऱ्हायला आन मी खाली रस्त्यावर उभा." फळीवरच्या बाटल्यांकडं बघत म्हणाले, "समद्या थांब्यांवर इचारलं, साहेब. ह्याच्यावर औषध कुठंच भेटलं न्हाई."

आणि मी या माणसाला हावरट म्हणालो होतो. बाहेर क्लास सुटल्याचा गलका ऐकू येत होता. मी बाजेच्या कडेला बसलो, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं,

"नाना, साफ झालं का?"

ते माझ्याकडं बघतच राहिले. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं, ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. "सा वर्सांत मला कोणी इचारलं न्हाई," असं म्हणून ते कोपरावर रेटा देऊन उठले, उशी पाठीला घेतली, घसा साफ केला आणि सांगायला लागले. अगदी पहिल्यापासून, काही एक न गाळता. मी सगळं ऐकलं. पाऊण तासानं मंदा ताकभात घेऊन आली, तेव्हा ते परवाच्या सकाळपर्यंत पोचले होते.