करंजबेटाची निर्धोक यात्रा

परदेशगमनाने माणसाची दृष्टी विशाल होते, याबद्दल शहाण्यांत दुमत नाही. अडचण एवढीच, की समुद्र ओलांडला तर परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते. कर्जतजवळच्या करंजबेटास गेल्यास फक्त धोतर पिळावे लागते.

हे बेट पावसाळ्याचे चार महिने स्वतंत्र राष्ट्र असते. नदी दोन्ही अंगांनी फुगली, की तिथली चार घरे कर्जतला 'तिकडं' म्हणू लागतात. (उन्हाळ्यात वहाण न भिजवता जाता येते, पण तेव्हा कोणी जात नाही, कारण त्यात सांगण्यासारखे काही नसते.) मुंबईचे प्रतिष्ठित लोक आगगाडीने येतात, पलीकडे जाऊन तांदळाची भाकरी खातात आणि पुढे वर्षभर तिथल्या चालीरीतींवर बोलतात.

अशा थोर पाहुण्यांच्या जिवाला जपण्यासाठी आम्ही कर्जतच्या तांदूळ व्यापाऱ्यांनी प्रवासी-संरक्षक मंडळी स्थापन केली. मी तिचा चिटणीस. आमच्यापैकी कोणीही नदीत उतरलेले नसल्याने नियम निःपक्षपातीपणे ठरले. पाहुण्याच्या पुढे डोंगरवाडीचा पोशा नावाचा मजूर चालेल. पोशाच्या कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक पाहुण्याच्या मुठीत. पाणी पोशाच्या कमरेला लागले तर पाहुण्याने देवाचे नाव घ्यावे, गळ्याला लागले तर माघारी फिरावे. पोशा दिसेनासा झाला, तर दोर ताबडतोब सोडावा. दोर पाहुण्याच्याही कमरेला बांधावा, अशी सूचना एका सभासदाने केली होती. तिच्यात पाहुण्याला धोका असल्याचे दाखवून देताच त्यांनी ती मागे घेतली.

या पद्धतीने शेकडा शंभर पाहुणे सुखरूप परत आले.

सन १९२६च्या श्रावणात एक रावसाहेब आले. पाणी तांबडे झाले होते, ओंडके वाहत होते. पण पलीकडे जेवण सांगून ठेवलेले, आणि रावसाहेबांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. पोशाची बायको आवडी काठावर आली आणि माझ्या छत्रीसमोर उभी राहिली.

"सायबाच्या म्होरं माजा माणूस," ती म्हणाली. "माज्या माणसाच्या म्होरं कोन हाय?"

हा विषय सभेपुढे आलेला नाही, असे मी तिला समजावले. खरे सांगायचे तर मला रागच आला. मजुरीचे तांदूळ आम्ही आगाऊ दिलेले होते.

पोशाने दोर कमरेला बांधला. "तांदूळ खाल्लेत गं आपण," एवढेच तो तिला म्हणाला आणि पाण्यात उतरला.

थोडे पुढे जाताच तो दिसेनासा झाला. रावसाहेबांनी नियम तंतोतंत पाळला. ते घोट्यापर्यंत भिजून काठावर आले आणि म्हणाले, की इतकी चोख व्यवस्था विलायतेतही नसेल. माझा ऊर भरून आला. आवडी नदीच्या काठाकाठाने खाली पळत सुटली. दुसऱ्या दिवशी तिला पोशाचे प्रेत खालच्या गावच्या बांधाला सापडले. मंडळीच्या अहवालात त्याचा उल्लेख नाही, कारण तो पाहुणा नव्हता.

वाचकहो, हे ऐकून आपल्या पोटात गोळा आला असेल. तो स्वतःच्या काळजीने आला असेल, तर निर्धास्त या. पुढे चालायला पोशाचा भाऊ लडकू तयार आहे. गोळा पोशासाठी आला असेल, तर आपल्यासारख्या कनवाळू पाहुण्यांसाठी मंडळीने नियमांत खास सवलत ठेवली आहे: दोर सोडताना डोळे मिटून घेतले तरी चालतात.