एका उणे चिन्हाचं अभिनंदन

कोणताही विषय विद्यार्थ्यांना अवघड जात असेल, तर त्यावर दोन उपाय असतात. एक, तो नीट शिकवणे. दोन, त्याबद्दल परिपत्रक काढणे. पहिल्या उपायाला वेळ लागतो आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही, म्हणून शहाणी माणसं दुसरा पत्करतात.

तसं परिपत्रक आलं. खानदेशातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या गणित शिक्षकाने ब्लॉग काढावा. दर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत त्यावर एक सोडवलेलं उदाहरण टाकावं, सोमवारी ते वर्गातल्या पडद्यावर दाखवावं, आणि इतरांच्या किमान वीस ब्लॉगवर अभिप्राय नोंदवावा. अभिप्राय 'प्रेरणादायी' असावा. (उदाहरण वाचावं, असं त्यात कुठेही नव्हतं. परिपत्रक काढणारी माणसं व्यवहारी होती.)

यावल तालुक्यातल्या एका शाळेत मृणाली मॅडम दहावीला गणित शिकवत. बाई गुणी, पण एक खोड होती: उदाहरण स्वतः सोडवायच्या. बाकीच्यांनी श्रमविभागणीचं तत्त्व ओळखलं होतं. मॅडमनी लिहायचं आणि इतरांनी ते उचलून आपल्या ब्लॉगवर चिकटवायचं, खाली आपलं नाव घालून. याला कुणी उचलेगिरी म्हणेल. कार्यालयीन भाषेत याला शैक्षणिक आदानप्रदान म्हणतात. आणि आदानप्रदान तरी किती कसोशीचं! मॅडमनी एकदा तळाला 'सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन असल्याने पुढच्या शनिवारी उदाहरण येणार नाही' असं लिहिलं, तर पिंपळनेरपासून रावेरपर्यंत चौतीस सासूबाईंचे डोळे एकाच दिवशी ऑपरेशनला निघाले. त्यांच्या जावई-सुनांपैकी सहा जण अजून अविवाहित होते.

अभिप्रायांचं तर काय सांगावं! 'खूप छान मॅडम.' 'अप्रतिम मांडणी.' 'आपल्यासारख्यांमुळेच गणित टिकून आहे.' एका सरांनी चुकून श्रद्धांजली वाहिली होती, तिलाही सत्तावीस जणांनी अंगठा दाखवला. मुलं मात्र ब्लॉगवर फारशी फिरकत नसत. त्यांच्यासाठी तो काढलाय, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

मग तो शनिवार आला. उदाहरण साधंच होतं: एका संख्येच्या वर्गातून त्या संख्येची तिप्पट आणि वर दहा वजा केले, तर शून्य उरतं, ती संख्या कोणती? उत्तरं दोन, पाच आणि उणे दोन. पण पाच वाजायला आलेले, मॅडम एसटीत उभ्या, एका हातात दांडा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि रस्ता आपला नेहमीचाच. त्या धक्क्यात उणे गळालं. ब्लॉगवर गेलं 'पाच आणि दोन'. पहिला अभिप्राय अर्ध्या मिनिटात पडला: 'अचूक!'

रविवारी दुपारपर्यंत खानदेशातल्या बहुतेक ब्लॉगवर पाच आणि दोन झालं. पुढच्या आठवड्यातल्या चाचणीत तेच उदाहरण आलं, आणि पेपर तपासणाऱ्यांनी उत्तर कुठून घेतलं असेल हे सांगायची गरज नाही.

त्यानंतर मॅडमच्या ब्लॉगवर, दीडशे अभिनंदनांच्या खाली, दोंडाईच्याच्या एका मुलीने लिहिलं. नाव डिंपल.

'मॅडम, मी ताळा करून पाहिला. दोन ठेवलं तर शून्य येत नाही, उणे बारा येतं. उणे दोन ठेवलं तर येतं. पण हिलाल सरांनी माझे गुण कापले. माझं कुठे चुकतं ते कळत नाही. मला गणित जमत नाही, असं वाटतं. घरी म्हणतात, अकरावीला सायन्स नको घेऊ.'

मॅडमनी ते वाचलं आणि दोन ठेवून ताळा करून पाहिला. मेली आपण घाई केली, आणि तिकडे एक शहाणी पोर स्वतःला ढ समजून बसली! त्या तशाच मुख्याध्यापक पितांबर सरांकडे गेल्या.

"सर, उत्तर चुकलंय. दुरुस्ती टाकते."

"मॅडम, हळू बोला," पितांबर सर म्हणाले. "आपला ब्लॉग आदर्श ब्लॉग म्हणून वर गेलाय. आदर्शात दुरुस्ती कशी करायची? त्या मुलीचा अभिप्राय प्रेरणादायी नव्हता, तेवढा मी काढून टाकतो."

मग मॅडमनी हिलाल सरांना फोन लावला. हिलाल सर माणूस सज्जन.

"पोरगी हुशार शे हो मॅडम," ते म्हणाले, "पण बठ्ठा, सगळ्याच ब्लॉगवर उत्तर दोनच शे! मी एकटा उणे कुठून आणू?"

आता मात्र मॅडमचं डोकं फिरलं. शनिवारी त्यांनी कुणालाही न विचारता लिहिलं. मथळा: 'माझी चूक'. खाली: 'डिंपल, तुझं उत्तर बरोबर आहे. ताळा न करता उत्तर दिलं, ही चूक माझी. तुझे गुण माझ्यामुळे कापले गेले, ते तुला मिळालेच पाहिजेत. गणित तुला जमतं. सायन्स घे.'

अभिप्राय धडाधड आले. 'खूप छान चूक, मॅडम!' 'अशाच चुका आपल्या हातून घडत राहोत.' 'डिंपल मॅडमचेही अभिनंदन.' पितांबर सरांनी स्वतः दोन फुलं पाठवली.

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. इतकं स्पष्ट लिहून एकालाही कळू नये!

सोमवारी दुपारी हिलाल सरांचा फोन आला. आवाज रडवेला.

"मॅडम, मला आधी सांगायचं ना! मी नेहमीसारखं उचललं, खाली माझं नाव घातलं, पडदा लावला आणि हजेरी घ्यायला वळलो. मागे टाळ्याच टाळ्या! मी बठ्ठा वर्गासमोर माफी मागून बसलो होतो. डिंपल उठून म्हणते, सर, खाली तुमनंच नाव शे ना!"

"मग?"

"मग काय! दिले गुण."

त्या दिवशी खानदेशातल्या बहुतेक गणित शिक्षकांनी आपापल्या वर्गासमोर डिंपल नावाच्या मुलीची माफी मागितली. मृणाली मॅडमना हसावं की रडावं कळेना; त्या दोन्ही करून मोकळ्या झाल्या.

त्या लेखाच्या तळाला मॅडमनी एक ओळ घातली होती: 'इथवर खरोखर वाचत आलेल्यांनी एवढं सोडवा. एका संख्येच्या वर्गातून त्या संख्येची चौपट आणि वर एकवीस वजा केले, तर शून्य उरतं. अशा दोन्ही संख्या सांगा.' शेकडो अभिनंदनांत उत्तर एकच आलं, डिंपलचं, ताळ्यासकट. ते इथे छापत नाही. वाचक सुजाण असतात. उदाहरण दिसल्याबरोबर त्यांनी ते सोडवलं असणार, ताळाही करून पाहिला असणार. (नसेल सोडवलं, तरी मनाला लावून घेऊ नये. 'खूप छान कथा' एवढं लिहिलंत तरी चालेल.)