चाळीस पावलांवरचे दिगूभाऊ

दिगूभाऊंनी लॅपटॉप मांडीवर घेऊन कधी बघितला नाही. तो कंपाउंडच्या भिंतीवर उघडा ठेवायचा, चाळीस पावलं मोजत मागं जायचं, डोळे बारीक करायचे आणि तिथून निकाल द्यायचा, "दिसंना, मॅडम. बटन मोठं करा." आता मोबाईलचं बटन काय कुणी एसटीतून वाचणार आहे? वर्षभर समजावलं, मग नाद सोडला.

सवयच तशी. आमची कंपनी निघण्याआधी ते लातुरात क्लासचे बोर्ड रंगवत. बारावीच्या क्लासचं तेव्हा पेवच फुटलं होतं. भाऊ आधी सुतळीला खडू फासून ओळी मारायचे, मग ब्रश उचलायचे. पुढं फ्लेक्स आले, ब्रश वाळले आणि हे गृहस्थ चाळिशीत नांदेडला, मी शिकवायचे त्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्या बाकावर येऊन बसले. अक्षराची जाण माझ्या दसपट. म्हणून मीच म्हटलं, भागीदारीत सॉफ्टवेअरची डिझाइनं करून देऊ.

नावासाठी मी झकपक इंग्रजी यादी केली. भाऊ म्हणाले, "हे चाकूरच्या स्टँडवर कुणालाबी म्हणायला लावा, मग ठेवा." शेवटी 'आखणी' ठरलं. बोधचिन्ह म्हणून खडूची एक सरळ रेघ. तेव्हा मला ती फारच गरीब वाटली होती. आज तीच श्रीमंत वाटते.

हाताखाली तिघं, मुखेड, चाकूर आणि शिरूर अनंतपाळचे. सगळे आपापल्या घरून काम करायचे, मी नांदेडहून, भाऊ लातूरहून. ऑफिसचं नाव काढलं की भाऊंचं ठरलेलं, "कशाला फुकटची तकलीफ?" मला वाटायचं, चिक्कू आहेत.

मग बेंगळुरूचं वर्षभराचं मोठं काम आलं. तिथले साहेब म्हणाले, ऑफिस बघून सही करतो. ते हुकलं असतं तर तिघांना नारळ द्यावा लागला असता. मी लातुरात एका बंद क्लासचा हॉल घेतला, तिघांना बोलावलं. भाऊंनी पाटी झकास रंगवली, पण आत येईनात. साहेब तासाभरात पोचणार, आणि हे दारात घामाघूम.

"पोरांला बाहेर काढा, मॅडम."

मी भडकलेच. "भाऊ, काय करायलात तुम्ही? पोरांचं पोट आहे यावर."

ते पायरीवर बसले. "भूकंप झाला तवा मी बोर्डासाठी लातुरात थांबलो होतो. गावाकडं घरात नऊ माणसं. सगळी एकाच छताखाली. एक न्हाई उरलं." आतल्या पोरांकडं बघत म्हणाले, "तुम्ही सगळे येगयेगळ्या गावाला असता ना, तवा मला झोप लागते."

इतकी वर्षं सोबत काम केलं, घरी कोण कोण असतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. फार लाज वाटली.

मी तिघांना बाहेर बोलावलं. साहेब आले, त्यांना सरळ सांगितलं, आम्हाला ऑफिस नाही, पाच गावांत पाच घरं आहेत. त्यांनी निम्मंच काम दिलं. तिघं मात्र टिकले.

संध्याकाळी भाऊ आम्हाला स्टँडवर सोडायला आले. चाकूर माझ्याच नांदेडच्या वाटेवर, तरी चाकूरच्या पोरीला त्यांनी माझ्या एसटीत चढू दिलं नाही. तिला मागच्या एसटीत बसवलं.

तिघांचे पोचल्याचे मेसेज मला वाटेतच आले. नांदेडला उतरले तोच भाऊंचा फोन वाजला. "पोचलात?"

"पोचले. सगळे पोचले, भाऊ. झोपा आता."