नवा चष्मा आणि एकुलती एक झांज

कार्यक्रमाला निघताना झांजवाल्यांनी बायकोच्या हातात नवा चष्मा ठेवला आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

"अहो, हा कशाला आणखी?"

"तुझा जुना सारखा घसरतो. चष्मेवाला म्हणाला, हा उड्या मारल्यात तरी जागचा हलायचा नाही."

बायको लाजली. या वयात लाजली, म्हणून झांजवाले इतके खूश झाले की आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दोघंही एकाच वाद्यवृंदात. ती व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवायची, हे मागच्या रांगेत झांजा मांडीवर घेऊन बसायचे. त्या संध्याकाळची सिम्फनी गेल्या शतकातल्या कुणा तापट माणसाने रचलेली होती. सुरुवातीला कारखान्यातलं यंत्र सुरू व्हावं तसे जाडे स्वर घुमतात, मग व्हायोलिनं कुरकुरतात, ट्रम्पेट त्यांच्यावर डाफरतात आणि प्रकरण हातघाईवर आलं की सगळं एकदम गप्प. ताल दाखवणाऱ्या संचालकानेही हात खाली सोडून उभं राहायचं, अशी रचनाकाराची सक्त ताकीद. त्या शांततेत झांज वाजते, अख्ख्या सिम्फनीत एकदाच. मग एकटी बासरी इतकं गोड गाते की आधीचं सगळं भांडण माफ करावंसं वाटतं.

ही झांज मात्रा मोजून वाजवायची असते. झांजवाल्यांनी जन्मात मोजल्या नव्हत्या. भांडणाच्या भागात बायकोचा हात असा काही चालायचा की चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. सगळं थांबलं की ती तो बोटाने वर सारायची. बोट चष्म्याला लागलं की यांची झांज. वर्षानुवर्षं बिनचूक.

आणि नेमकी सकाळच्या तालमीत यांना डुलकी लागलेली नव्या संचालकाने पाहिली होती आणि बजावलं होतं, "आज चुकलात, तर उद्यापासून झांजा दुसऱ्याकडे!"

भांडण झालं, सगळं थांबलं. झांजवाले झांजा उचलून उभे राहिले. बायकोचा चष्मा मात्र जागच्या जागी! चष्मेवाला शब्दाला जागला होता.

शांतता लांबत गेली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने खोकला गिळला. संचालकाचे कान लाल झाले. झांजवाले चष्म्यावरची नजर हलवेनात. गेल्या झांजा, गेली अब्रू!

बायकोने हळूच मान वळवून पाहिलं. नवऱ्याला नीट बघायला तिचं बोट सवयीने चष्म्याकडे गेलं.

झण्ण!

श्रोत्यांच्या अंगावर काटा आला. बासरी सुरू झाली तेव्हा कित्येकजण डोळे पुसत होते.

कार्यक्रम संपताच संचालक धावत आला. झांजवाल्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, तोच त्याने त्यांना मिठी मारली. "काय शांतता होती हो! उद्या अगदी तेवढीच हवी!"

तो गेल्यावर बायकोने विचारलं, "तुम्ही मोजत नव्हता?"

"तुझ्या चष्म्याकडे बघायचो," झांजवाले ओशाळून म्हणाले.

"आणि मी तो वर का सारायचे, माहितीये? तुम्ही झांज वाजवताना नीट दिसावेत म्हणून."

झांजवाल्यांना भरून आलं. "उद्या जुनाच घाल, बाई."

"मुळीच नाही. त्यांना आजचीच शांतता हवीय ना? नवाच घालीन. बोट कधी लावायचं ते मी ठरवीन. तोवर तुम्ही गप्प उभं राहायचं."

झांजवाल्यांनी निमूट मान डोलावली. घरी वर्षानुवर्षं त्यांचा हाच रियाज चालला होता.