शेटजींच्या भिंतीवरचा पाठमोरा हत्ती

“वरपक्षाच्या स्वागतासाठी आमच्या आजोबांनी डावीकडचा हत्ती मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून काढवून घेतला. असा रसिक पुरुष पारोळ्यात पुन्हा झाला नाही.”

हे उद्गार परवा वाचनालयाच्या सभेत माणकशेटजींच्या नातवाने काढले, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. गावात दुसरा एक पक्ष आहे, तो म्हणतो की त्या दिवशी चितारी भांग पिऊन आला होता. दोन्ही पक्ष खोटे आहेत. त्या दिवशी त्या भिंतीपाशी शिडीवर मी स्वतः उभा होतो. नातू जन्माला यायचा होता, आणि भांगवाले पंगतीची वाट पाहत पारावर बसले होते.

चिताऱ्याचे नाव सुका. लहानथोर सारे त्याला सुकाआबा म्हणत. लग्नघराच्या दाराशी हत्ती-घोडे काढणे हा त्यांचा धंदा, आणि काम सुरू करण्यापूर्वी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून तिला कान लावणे ही त्यांची रीत. मनासारखा आवाज आला नाही की “भिंत निजेल शे,” म्हणजे भिंत झोपली आहे, एवढे सांगून ते सरळ घरची वाट धरीत. यजमानाने कितीही हात जोडले तरी भिंत जागी झाल्याशिवाय आबा परतत नसत. एका घरी तर नवरीला हळद लागली, उतरली, नवरी सासरी गेली, आणि त्यानंतर तिसऱ्या प्रहरी आबा रंगाची मडकी घेऊन हजर झाले. भिंत आत्ता उठली, असे त्यांचे म्हणणे पडले.

कोणी चित्राची स्तुती केली तर त्यांना राग येई. “माले काय सांगस? हत्तीले सांग.” जेवायला बसता का, असे विचारले तरी उत्तर एकच: “हत्तीले इचार.” आणि हत्तीला विचारणारा कोणी भेटत नसल्यामुळे आबा पुष्कळदा उपाशी राहत.

परंतु त्यांचा हात चालू लागला की ही सारी थट्टा जागच्या जागी विरून जाई. शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला ते काजळात बुडवीत आणि हत्तीच्या नखापासून आरंभ करीत. पाय, पोट, गंडस्थळ, सोंड असे करीत ती रेघ पुन्हा त्या नखाशी येऊन मिळेपर्यंत कुंचला भिंतीवरून उचलला जात नसे. खडूने आखणे नाही, पुसणे नाही. मी शाळामास्तर, अक्षराच्या वळणाचा मला अभिमान होता आणि आहे. तरी ती रेघ फिरत असताना माझ्या हाताचे रोम उभे राहत. हे मी कोणाच्याही भिडेने लिहीत नाही.

माणकशेटजींच्या मुलीचे लग्न जर्मनीशी झालेल्या पहिल्या लढाईच्या आधीचे. वरपक्ष धुळ्याचा. दारावर ‘शुभविवाह’ लिहिण्याचे काम शेटजींनी मला दिले होते. माझ्या अक्षरांकडे पाहून आबा म्हणाले, “गुरुजी, अक्षरे झकास शेत. पन उभा राहेल शेत, चालतस नई.” म्हणजे अक्षरे उभी आहेत, चालत नाहीत. मी शिडीवरून वळून पाहिले, तर तेवढ्यात उजवा हत्ती पुरा झाला होता.

रिवाज असा की दाराच्या दोन्ही अंगांस दोन हत्ती काढावे आणि दोघांची तोंडे दाराकडे असावी. त्यामुळे लक्ष्मी घरात येते. उजवा हत्ती तसाच निघाला. डावा मात्र दाराकडे पाठ करून बोळात उतरला. पुढचा पाय उचललेला, झूल एका अंगाला झुकलेली, सोंडेत कमळ, आणि ती सोंड थेट समोर रोखलेली. शेटजींचा बैल भिंतीशी बांधलेला होता. तो दोन पावले मागे सरकला आणि दाव्याला ताण देऊन उभा राहिला.

शेटजी बाहेर आले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हत्ती निघाला म्हणजे लक्ष्मी निघाली. आत बायकांत कुजबुज सुरू झाली. शेटजींनी आबांना बजावले की हत्ती फिरवून दे, नाहीतर चुन्याखाली घालतो. आणि एकदा तो चुन्याखाली गेला की या तालुक्यातले एकही लग्नघर तुला दाराशी उभे करणार नाही. हे खरे होते, आणि आबांना ते ठाऊक होते. त्यांनी कुंचला धुतला आणि म्हणाले, “हत्ती आते फिराव नई.”

कारण विचारले, तेव्हा अर्थातच हत्तीला विचारायला सांगितले.

शेटजींनी लखा गड्याला चुन्याची बादली आणायला लावली. लखा कुंची भिजवून पुढे झाला, हत्तीच्या डोळ्यापाशी त्याने हात नेला आणि तसाच थांबला. मग बादली खाली ठेवून म्हणाला, “शेटजी, हाऊ जित्ता शे. मन्हा हात चालस नई.” शेटजींनी स्वतः कुंची घेतली. त्यांचाही हात खांद्याच्या वर गेला नाही. इतक्यात वऱ्हाड वेशीबाहेरच्या मारुतीपाशी आल्याची वर्दी आली, आणि सीमांतपूजनासाठी सारे घर वाजंत्र्यांसह तिकडे धावले. परत येईपर्यंत हत्ती दिसता कामा नये, असे लखाला बजावले गेले. लखा बादलीसकट गोठ्यामागे दिसेनासा झाला.

पुढचे गावाला माहीत आहे. वऱ्हाड बोळाच्या तोंडाशी आले, वराचे वडील हत्तीपुढे थबकले, त्यांनी पागोटे सावरले आणि म्हणाले, “दारात बांधलेले हत्ती पुष्कळ पाहिले. घ्यायला रस्त्यात उतरलेला आजच पाहिला.” त्यावर शेटजी म्हणाले, “आम्ही मुद्दामच सांगितले होते.” नातवाची सारी कथा या एका वाक्यावर उभी आहे.

आता मधला वेळ. तो गावाला माहीत नाही, कारण गाव मारुतीपाशी होते.

शेटजींच्या दारासमोर, बोळाच्या पलीकडे, सरकी काढायच्या जिनात कापूस वाहणाऱ्या एका मजुराचे घर होते. त्याच्या मुलीचे, भागीचे, लग्न त्याच मुहूर्तावर होते. घराला भिंत अशी नव्हतीच. तुरकाठ्यांचा कूड आणि वर शेणमाती. त्यावर रंग ठरत नाही. हळद लागलेली भागी उंबऱ्याच्या आत बसून होती, आणि शेटजींच्या हत्तीची सोंड बरोबर तिच्या दाराशी पोहोचत होती.

आबांचीही एक मुलगी होती, जनी. प्लेगाच्या साली सारे गाव रानातल्या झोपड्यांत राहत असताना तिचे लग्न उरकावे लागले. गवताच्या झोपडीला भिंत कुठली? तालुक्याच्या दारोदारी हत्ती उभे करणाऱ्याच्या लेकीला हत्ती मिळाला नाही. त्याच साथीत ती सासरी वारली. आबा हे कधी बोलले नाहीत. त्यांच्या शेजाऱ्याने पुढे मला सांगितले.

वाजंत्री दूर गेल्यावर आबा मला म्हणाले, “गुरुजी, उतरा. शिडी पायजे.” मी उतरलो. ते बोळ ओलांडून गेले आणि भागीच्या आईला हाताने बोलवून घेऊन आले. ती बिचारी शेटजींच्या ओट्याकडे पाहून अर्ध्या वाटेत थबकली. तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, “ये अक्का, भिवू नको. हाऊ तुन्हा हत्ती शे.”

हत्ती ज्या घरचा, त्या घरच्या सवाष्णीने त्याच्या कपाळी कुंकू लावायचे, हा आमच्या खानदेशाचा रिवाज आहे. तो शेटजींच्या नातवालाही नाकारता येणार नाही. उजव्या हत्तीला शेटजींच्या पत्नीने कुंकू लावले. डाव्या हत्तीच्या कपाळीचे कुंकू भागीच्या आईच्या हातचे होते, आणि ती चढली ती शिडी मी धरली होती.