सहा किलोमीटरवरचा मेल

सयाजी खाडेंना पाठवलेला मेल चौथ्यांदा परत आला, तेव्हा भाऊसो शिंगे हातातला रंधा तसाच घेऊन ऑफिसात शिरले.

"काय म्हणतंय आता?"

"तेच. समोरच्या सर्व्हरनं मेल नाकारला," दीक्षा म्हणाली.

"नाकारायला मी काय सोयरीक घेऊन गेलोय? कोटेशन हाय ते!"

उद्यमनगरात भाऊसोंचं पॅटर्नचं वर्कशॉप होतं. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो ते करायचे. शिरोलीतल्या सयाजीच्या फाउंड्रीला बावीस वर्षं त्यांचेच नमुने जात होते. तिथली पहिली भट्टी पत्र्याच्या शेडमध्ये पेटली, तेव्हा नमुना भाऊसोंनी केला होता आणि साच्याची वाळू सयाजीच्या बायकोनं, चिमणाबाईनं, चाळली होती. उद्यमनगरातून शिरोली फार तर सहा किलोमीटर. पण साल होतं दोन हजार पाच. फाउंड्रीनं पत्रक काढलं होतं, यापुढे कोटेशन फक्त ई-मेलनं. म्हणून भाऊसोंनी कॉम्प्युटर घेतला आणि बी.कॉम. झालेल्या मुलीला, दीक्षाला, त्याच्यापुढं बसवलं.

दीक्षानं आधी ड्रॉइंगवर ठपका ठेवला. मेल जड झाला असेल, म्हणाली.

"मेलला वजन असतंय व्हय?"

"असतं, आप्पा."

ड्रॉइंग काढलं. मेल हलका झाला आणि पहिल्यापेक्षा लवकर परत आला. मग तिला विषयातल्या 'अर्जंट' शब्दाचा संशय आला; लॉटरीवाल्यांचे मेल असेच असतात, सर्व्हर ते अडवतो. शब्द काढला. मेल परत. शेवटी गुंडू सुताराला बोलावलं.

गुंडू आधी टीव्ही दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करायचा. उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत निम्म्या कारखान्यांची कामं त्याच्याकडं होती, खाडेंचीही. त्यानं वायर बदलली, मोडेमवर फुंकर मारली, दोन चहा घेतले, पण भाऊसोंच्या तोंडाकडं काही बघितलं नाही.

"लाइनचा लोच्या हाय, मामा. जाईल आपोआप."

"खाडेंच्यात बघ की जरा. तिकडंच कायतरी बिघडलं असंल."

"तिकडं... तिकडं सगळं बरोबर हाय," गुंडू म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

दुसऱ्या दिवशी दीक्षानं स्वतःच्या पत्त्यावरून मेल पाठवला. दहा वाजता गेला, बारापर्यंत परत आला नाही. भाऊसोंनी खुशीत कामगारांना भजी मागवली. तीन वाजता त्याच पत्त्यावरून ड्रॉइंग पाठवलं. ते परत आलं.

गुंडूला पुन्हा बोलावणं गेलं. तो आला तेव्हा भाऊसो ऑफिसच्या पायरीवर बसले होते.

"गुंड्या, यंत्र बिघडलं म्हणजे बिघडलं. सकाळी घेतलं आन् दुपारी ओळख दाखवंना, हे यंत्राचं काम न्हवं. हे माणसाचं काम हाय."

गुंडूनं मान खाली घातली. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"खाडेसाहेबांनी मलाच बसवून तुमचा पत्ता बंद करायला लावला, मामा. दीक्षाताईचा आज दुपारी केला. हे दिलं, म्हणाले, त्यानं इचारलं तर दाखव. तीन दिस खिशात घेऊन हिंडतोय."

दहा दिवसांपूर्वी पाठवलेल्या पहिल्या मेलची ती छापील प्रत होती; तो मेल पोचला होता, उत्तर तेवढं आलं नव्हतं. इंग्रजी. दीक्षानं मनातल्या मनात वाचली.

"मराठीत सांग," भाऊसो म्हणाले.

"'वहिनींच्या दुःखद निधनाबद्दल वाईट वाटले. सोबत पंप केसिंगच्या पॅटर्नचे कोटेशन जोडले आहे. लवकरात लवकर कळवावे.'" तिचा आवाज बारीक झाला. "आप्पा, तुम्हीच म्हणालात, दोन्ही एकातच घाल."

म्हणाले होते. चिमणाबाई गेली तेव्हा भाऊसो धम्मचक्र दिनासाठी नागपूरला होते. परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. उद्या जाऊ म्हणाले. उद्याचा परवा झाला, आठवडा झाला, आणि जितका उशीर झाला तितकं शिरोली लांब गेलं. तेवढ्यात कोटेशन पाठवायचं निघालं. जाताजाता दोन शब्द त्याच्याबरोबर जातील, एवढंच तेव्हा मनात आलं होतं.

त्यांनी हातावरचा भुसा धुतला आणि लुना काढली. गुंडू मोटारसायकलवरून मागोमाग निघाला, कारण त्याची दोन्हीकडची कामं आता त्या भेटीवर अवलंबून होती.

सयाजी केबिनमध्ये एकटाच होता. दाढी वाढलेली. त्यानं बस म्हटलं नाही. भाऊसो उभेच राहिले.

"मेल परत येतोय," काय बोलावं ते न सुचून ते म्हणाले.

"येणारच की."

बाहेर कास्टिंग घासायचा आवाज चालला होता.

"'लवकर कळवा' म्हणं," सयाजी म्हणाला. "काय कळवू, भाऊसो? दवाखान्यात शेवटच्या दिवशी इचारत हुती, भाऊभावजी आलं न्हाईत व्हय?"

"नागपूरला गेलतो रं."

"ठावं हाय. मीच सांगितलं तिला. म्हटलं, आल्या आल्या येतोय बघ तो." सयाजीचा आवाज फुटला. "आल्यावर का आला न्हाईस?"

"तोंड दाखवायची लाज वाटाय लागली. रोज वाढत गेली."

"आन् मेलात लाज वाटत न्हाय व्हय?"

भाऊसोंचे खांदे हलायला लागले. सयाजी उठला, खुर्ची ओढून त्यांच्या मागं ठेवली आणि आपण टेबलाच्या अलीकडं येऊन दुसरीवर बसला. मग तो पहिल्यापासून सांगायला लागला. ताप कधी आला, कुठल्या डॉक्टरनं काय सांगितलं, रिक्षा मिळायला किती वेळ लागला. भाऊसो ऐकत होते. दोघंही अधूनमधून बाहीनं डोळे पुसत होते.

तासाभरानं गुंडूनं दार किलकिलं केलं.

"साहेब, मग काढू का ते बंद केल्यालं?"

सयाजीनं नाक शिंकरलं, भाऊसोंकडं बघितलं.

"नको. ऱ्हाऊ दे तसंच. ह्याला कायबी कळवायचं असलं तर हितं येऊन कळवंल."